चौदावी वही

चरईतलं कपाट आवरताना
शरयूमावशीच्या चौदा वह्या निघाल्या,
शॉर्टहँडच्या.
वर तारीख, खाली ‘दिल्ली’,
आत गवतासारख्या रेघा, हलक्या, जाड,
एकाच वाऱ्यानं कललेल्या.
रद्दीवाला म्हणाला, कोऱ्या नाहीत, छापील नाहीत,
कशात धरू?

कळव्याचा पूल ओलांडून मी
खारीगावात पेडणेकर बाईंकडे गेले.
जांभळी नाक्यावरचा त्यांचा टायपिंग क्लास
आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.
ब्याऐंशीच्या बाईंनी चष्मा पुसला,
रेघेवर बोट ठेवलं आणि वाचू लागल्या,
वाटाणे सोलता सोलता बोलावं तशा.

दोन लढायांच्या मधली वर्षं.
टेबलाच्या अलीकडे आपले साहेब, पलीकडे त्यांचे,
मध्ये जाळीची झाकणं घातलेले पाण्याचे ग्लास.
भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर वही घेऊन,
इकडे शरयू ताम्हाणे,
तिकडे आर्मिंदा लोबो, कराचीची.
फोटोत दोघी नाहीत.

“हे कामकाजात नाही बरं का,” बाई म्हणाल्या,
“हे समासात लिहिलंय.”
चहाच्या सुट्टीत, हात धुताना,
आर्मिंदा पुटपुटली, तूं खंयची गो?
ठाण्याची.
तिला ठाणं ठाऊक नव्हतं.
तिनं विचारलं, थंय बोंबील मेळटात?

मग पान भरून नावं.
एकतीस मच्छीमार, त्यांच्या तुरुंगात,
शॉर्टहँडच्या रिवाजानं
स्वरांवाचून लिहिलेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचे साहेब
कोट चढवता चढवता एक वाक्य बोलले,
अर्धं अस्तरात गेलं.
सोडू म्हणाले, की सोडायचा विचार करू?
इंग्रजीत सगळा खेळ एका शब्दाचा.
‘मे’ म्हणजे बघू.
‘शॅल’ म्हणजे सोडणारच.
टेपरेकॉर्डर नव्हता. दोन वह्या होत्या.
रात्री दोन्ही टाइप झाल्या, ताडून पाहिल्या गेल्या,
दोन्हींत ‘शॅल’.
सकाळी सह्या झाल्या.

पेडणेकर बाई थांबल्या.
पान खिडकीच्या उजेडाला धरलं.
“इथं रबर फिरवलंय गं.”
मलाही दिसली, ठळक रेघेच्या खाली
एक पुसट आडवी कमान.
“ही कशाची?”
त्या काही बोलल्या नाहीत.
गॅसवर काहीतरी ठेवल्यासारख्या
उठून आत गेल्या.

मावशीला कधी कुणी पदकाला बोलावलं नाही.
बरंच झालं.
बोलावलं असतं तर चौकशीलाच.
फक्त वर्षातून एका दिवशी,
कोथिंबिरीच्या काडीसाठी हुज्जत घालणारी ही बाई
चेंदणीच्या कोळणीकडून बोंबील घ्यायची
सांगेल त्या भावानं.
आम्हाला वाटायचं, उपास सुटला असेल कसला तरी.

पुढे लढाई झालीच.
एक क्रियापद किती वर्षं धरून ठेवणार दार?
पण तोवर एकतीस जण घरी पोचले होते,
कुणाच्या मुली उजवल्या होत्या,
कुणी दारू पिऊन बायकोला मारतही असेल,
घरी पोचलेली माणसं करतात ते सगळं.

त्या डिसेंबरात मी सात वर्षांची.
मावशी दिल्ली सोडून आलेली, का ते घरात कुणी बोलत नसे.
काचांना काळा कागद, रेडिओ कानापुरता,
आणि अंधारात ती बोटानं
माझ्या पाठीवर बातम्या लिहायची.
हात थांबतच नसे तिचा.
विमानं पडली, बोटी बुडाल्या,
मला गुदगुल्या व्हायच्या.
निवेदक श्वास घ्यायला थांबला
की एकच रेघ ती पुन्हा पुन्हा काढायची,
बातमीत नसलेली.

बाई हात पुसत बाहेर आल्या.
म्हटलं, ‘शॅल’ कसं लिहितात?
कागद नको, इथं काढा, तळहातावर.
त्यांनी ओल्या बोटानं काढलं,
खालून वर जाणारं, जरासं वळलेलं.

खुर्चीत माझी पाठ
आपोआप ताठ झाली.